हांसजारूचे जनक : सुकुमार राय

कोलकात्याहून निघणाऱ्या 'संदेश' या बंगाली बालमासिकात इ.स. १९१५ च्या आरंभी 'खिचुडि' नावाची एक लहानशी कविता प्रसिद्ध झाली. खिचुडि म्हणजे आपली खिचडी. मात्र या खिचडीत डाळ-तांदूळ नव्हते, प्राणी होते. बदकाची साळिंदराशी गाठ पडली आणि दोघांचे मिळून एक काटेरी अंगाचे बदक तयार झाले. बगळा कासवात मिसळला. हत्ती देवमाशाला जाऊन चिकटला आणि मग त्या एकाच देहातल्या दोघांची ओढाताण सुरू झाली. एकाला पाण्यात जायचे होते, दुसऱ्याला जंगलात. कवितेसोबत या प्राण्यांची चित्रेही होती. कविता ज्यांनी लिहिली त्यांनीच ती काढली होती. त्यांचे नाव सुकुमार राय. मराठी वाचक ज्यांना सत्यजित रे म्हणून ओळखतात, त्या जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शकाचे हे वडील.

या प्राण्यांची नावे फोड करून पाहण्यासारखी आहेत. बंगालीत बदकाला हांस म्हणतात आणि साळिंदराला सजारू. दोन्ही शब्दांत 'स' आहे. त्या समान अक्षरावर दोन्ही शब्द एकमेकांत अडकवले की 'हांसजारू' तयार होतो. बक आणि कच्छप हे शब्द तर आपल्यालाही परिचित आहेत; त्यांना 'क' जोडतो व 'बकच्छप' जन्मास येतो. हाति म्हणजे हत्ती आणि तिमि म्हणजे देवमासा. 'ति' हे अक्षर दोघांत सामाईक, म्हणून 'हातिमि'. याच रीतीने सिंह आणि हरिण यांचा 'सिंहरिण' झाला, तर जिराफ आणि फडिंग म्हणजे नाकतोडा यांचा 'जिराफडिंग'. कवितेच्या आरंभीच कवी आपण व्याकरण मानत नसल्याचे सांगून टाकतो. प्रत्यक्षात मात्र त्याने एक कडक नियम पाळला आहे. जेथे अक्षर जुळते तेथेच प्राणी जुळतो. मनाला येईल तशी दोन नावे एकापुढे एक ठेवली असती तर वाचकाला क्षणभर हसू आले असते, इतकेच. अक्षराचा सांधा सापडल्यामुळे हे प्राणी जणू भाषेतच लपून बसले होते आणि कोणीतरी त्यांना बाहेर काढले, असे वाटते. मराठीतही असे प्राणी दडलेले आहेत. मगर आणि गरुड ही दोन नावे शेजारी लिहून पाहा. 'मगरुड' आपोआप पुढे येतो. ससा आणि सारस यांचा 'ससारस' होतो. मात्र नाव सापडले की काम संपत नाही. मगरुडाला पंख कोठे असतील, तो पाण्यात राहील की झाडावर, त्याला काय आवडेल आणि कशाचे दुःख होईल, हे ठरवायचे असते. सुकुमारांचे खरे कौशल्य येथे दिसते.

सुकुमार राय यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कोलकात्यात झाला. घराणे मूळचे पूर्व बंगालातील मैमनसिंह जिल्ह्यातले. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुद्रणतज्ज्ञ होते. आई विधुमुखी या ब्राह्मो समाजातील सुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या. भारतातील आरंभीच्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या कादंबिनी गांगुली या द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी. अशा सुशिक्षित व मोकळ्या वातावरणाच्या घरात सहा भावंडे वाढली. थोरली बहीण सुखलता, तिच्या पाठचे सुकुमार. रवींद्रनाथांच्या 'राजर्षि' कादंबरीतील हासि आणि ताता या भावंडांवरून घरात या दोघांना तीच लाडकी नावे पडली होती.

धाकटी बहीण पुण्यलता हिने पुढे 'छेलेबेलार दिनगुलि' या पुस्तकात या बालपणाच्या आठवणी लिहिल्या. त्यांतील एक आठवण सुकुमारांच्या पुढील कार्याची जणू पहिली खूण आहे. वडिलांच्या संग्रहात प्राण्यांच्या चित्रांचे एक मोठे पुस्तक होते. ते उघडून सुकुमार लहान भावंडांना गोष्टी सांगत. पुस्तकातील प्राणी संपले की पुस्तकात नसलेले प्राणी सुरू होत. भवंदोला नावाचा एक लठ्ठ प्राणी डुलत डुलत चाले. मंतुपाईन आपल्या लांब, बारीक मानेला पीळ देऊन तिची गाठ मारून ठेवी. वाटोळ्या तोंडाचा कोंपू अंधाऱ्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या खिळ्याला वटवाघळासारखा लोंबकळत राही. हा खिळा लक्षात घेण्यासारखा आहे. प्राणी कल्पनेतला, पण खिळा घरातलाच. त्या रात्री त्या व्हरांड्यातून जाताना लहानग्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

या भावंडांचा आणखी एक खेळ होता. कोणाचा राग आला की त्या व्यक्तीविषयी द्वेषाचे बोलायचे नाही. तिची कशी फजिती झाली याच्या अशक्य गोष्टी रचायच्या. गोष्ट संपेपर्यंत राग हसण्यात विरून जाई.

सुकुमारांची पहिली कविता आठव्या-नवव्या वर्षीच 'मुकुल' या मासिकात छापून आली. तरी त्यांनी उच्च शिक्षणासाठी विज्ञान निवडले. सिटी स्कूलमधून ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले आणि इ.स. १९०६ मध्ये भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत ऑनर्ससह पदवीधर झाले. याच सुमारास त्यांनी मित्र व नातेवाईक मिळून 'नॉन्सेन्स क्लब' स्थापन केला. या मंडळासाठी त्यांनी नाटुकली लिहिली आणि त्यांत कामेही केली. मंडळाचे एक हस्तलिखित मासिक होते, 'साडे बत्रिश भाजा'. बत्तीस प्रकारच्या भाज्या-दाण्यांच्या चटपटीत मिश्रणाला कोलकात्यातील फेरीवाले बत्रिश भाजा म्हणत. 

विज्ञान आणि विनोद हे दोन प्रवाह त्यांच्या घरातच एकत्र आलेले होते. उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी रामायण लिहिले, त्यासाठी चित्रे काढली. परंतु त्या काळच्या लाकडी ठशांनी छापताना चित्रांची पार दुर्दशा झाली. हळहळत बसण्याऐवजी त्यांनी परदेशातून साहित्य मागवून हाफटोन छपाईचा अभ्यास सुरू केला. छायाचित्राचे बारीक-मोठ्या ठिपक्यांत रूपांतर करून ते कागदावर उतरवण्याची ही पद्धत. इ.स. १८९५ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला. तोच पुढे 'यू. राय अँड सन्स' म्हणून नावारूपास आला. त्यांचे संशोधनपर लेख इंग्लंडमधील 'पेनरोज' या मुद्रणविषयक वार्षिकात छापले जात. याच विद्येचे पुढील शिक्षण घेण्यासाठी सुकुमार इ.स. १९११ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. लंडन आणि नंतर मँचेस्टर येथे त्यांनी छायाचित्रण, ठसे बनविणे व शिलामुद्रण यांचा अभ्यास केला. वडिलांप्रमाणे त्यांचेही लेख 'पेनरोज'मध्ये आले. रवींद्रनाथ ठाकूर इ.स. १९१२ मध्ये इंग्लंडला आले, तेव्हा सुकुमार तेथेच होते. पुढच्या वर्षी त्यांनी लंडनमध्ये रवींद्रनाथांच्या काव्यावर एक इंग्रजी निबंध वाचला. रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक जाहीर होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

इ.स. १९१३ मध्ये सुकुमार मायदेशी परतले. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी 'संदेश' सुरू केले होते. या नावात एक गोड श्लेष आहे. संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश ही बंगालची छेन्याची प्रसिद्ध मिठाईही. वर्षअखेरीस सुकुमारांचा सुप्रभा दास यांच्याशी विवाह झाला. १०० गडपार रोड येथे घर आणि छापखाना एकाच इमारतीत आले. सारे काही स्थिरस्थावर होत असतानाच डिसेंबर १९१५ मध्ये उपेंद्रकिशोरांचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर छापखाना आणि मासिक या दोहोंची जबाबदारी पडली.

मासिकाचे पोट दर महिन्याला भरावे लागते. गोष्टी, कविता, विज्ञानाची माहिती, कोडी, थोरांची चरित्रे आणि या सगळ्याला चित्रे, असे कितीतरी साहित्य सुकुमार स्वतः पुरवीत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कसलेल्या चित्रकाराची सफाई त्यांच्या रेषेत शोधू नये. पण चित्रातला प्राणी कसा उभा राहील, त्याचे वजन कोणत्या पायावर पडेल, तो रुसला तर त्याचा ओठ कोठे वळेल, हे त्यांना अचूक ठाऊक असे. त्यामुळे जो प्राणी कधीच नव्हता, तो प्रत्यक्ष पाहून काढल्यासारखा दिसतो.

या प्राण्यांचा परिवार मोठा आहे. रामगरुडाच्या पिल्लांना हसण्याची बंदी आहे. कोणी आपल्याला हसवील की काय या धास्तीने ती सदा सावध असतात. कुमडो म्हणजे भोपळा. त्यावरून नाव मिळालेला कुमडोपटाश नाचला, रडला किंवा हसला तर इतरांनी नेमके काय करावे, याचे कडक नियम आहेत. ट्यांश गोरू नावाने गाय आहे, पण जातीने पक्षी आहे. ती दाणापाणी खात नाही. साबणाचे सूप आणि मेणबत्त्या यांवर जगते, आणि तिला पाहायचे तर कचेरीत जावे लागते. साहेबी थाटाने राहू पाहणाऱ्या त्या काळच्या लोकांची ही टर आहे, हे मोठ्या माणसांना कळत असे. मुलांना ते कळण्याची गरज नव्हती.

या साऱ्यांत मला किंभूत नावाचा प्राणी सर्वांत मोठी निर्मिती वाटतो. त्याला स्वतःचे असे काहीच आवडत नाही. कोकिळेचा कंठ हवा, पाखरांचे पंख हवेत, हत्तीचे सुळे आणि सोंड हवी, कांगारूचे पाय हवेत, सिंहाची आयाळ हवी, घोरपडीची दातेरी शेपटी हवी. आश्चर्य म्हणजे त्याला हे सगळे मिळते. क्षणभर तो सुखावतो. मग त्याच्या मनात येते की, आता आपल्याला हत्ती म्हणता येत नाही, पक्षी म्हणता येत नाही, कांगारूही म्हणता येत नाही. कोणी नाव विचारले तर सांगायचे काय? हांसजारूत दोन प्राण्यांचा सांधा जुळला होता. येथे सांधाच नाही, नुसती हाव आहे. वेगवेगळ्या प्राण्यांचे अवयव एकत्र करून नवा जीव घडवणाऱ्या कलावंतानेच त्या पद्धतीचा धोकाही दाखवून ठेवावा, ही गोष्ट विलक्षण आहे.

सोमवारी जमणारे मित्रमंडळही याच वर्षांतले. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी, कवी सत्येंद्रनाथ दत्त असे तरुण त्यात होते. नाव 'मंडे क्लब'. पण खाण्यापिण्याची चंगळ पाहून मंडा या मिठाईवरून त्याला 'मंडा क्लब' म्हटले जाई. सुकुमार त्याची निमंत्रणपत्रे पद्यात लिहीत.

इ.स. १९२१ हे वर्ष सुख आणि दुःख एकदमच घेऊन आले. २ मे रोजी सत्यजित यांचा जन्म झाला. त्याच वर्षी सुकुमार कालाजाराने आजारी पडले. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा हा रोग त्या काळी बंगाल व आसामात हजारोंचे बळी घेत होता. ताप सुटत नाही, प्लीहा वाढते, शरीर झिजत जाते, त्वचा काळवंडते. कोलकात्यातच डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी या रोगावरील 'युरिया स्टिबामाइन' या औषधावर काम करीत होते. ते औषध इ.स. १९२० च्या सुमारास सापडले होते आणि पुढे त्याने असंख्य प्राण वाचवले. परंतु ते सर्वत्र वापरात येण्यास अजून अवकाश होता.

आजारपणाच्या या सुमारे अडीच वर्षांत सुकुमारांनी जे लिहिले ते वाचून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चाहूलही लागत नाही. 'ह-ज-ब-र-ल' ही कथा याच काळात 'संदेश'मध्ये आली. उन्हाळ्याच्या दिवसांत झाडाखाली पडलेला एक मुलगा घाम पुसण्यासाठी रुमाल उचलू लागतो, तर रुमालाचे मांजर झालेले असते. पुढे एक डोमकावळा पाटीवर हिशेब मांडताना भेटतो. त्याच्या मते दोन संख्यांचा गुणाकार किती हे वेळेवर अवलंबून असते, आणि वेळेची किंमत तर सारखी बदलत असते. व्याकरण शिंग नावाचा एक बोकड आहे, तो बी.ए. आहे आणि 'खाद्यविशारद' ही पदवी लावतो. हिजिबिजबिज नावाचा प्राणी स्वतःच रचलेल्या अशक्य प्रसंगांवर पोट धरून हसतो. त्याच्याकडे पाहताना लहानपणी भावंडांना हसवणारे सुकुमारच डोळ्यांपुढे येतात.

इ.स. १९२२ मध्ये त्यांनी 'हेशोराम हुशियारेर डायरी' लिहिली. सर आर्थर कॉनन डॉयल यांची 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी इ.स. १९१२ मध्ये आली होती. दुर्गम पठारावर अद्याप जिवंत असलेले प्राचीन प्राणी शोधून काढणाऱ्या प्राध्यापकाची ही विज्ञानकथा होती. सुकुमारांनी त्या धर्तीच्या साहसाची थट्टा मांडली. त्यांचे प्राध्यापक हेशोराम हुशियार काराकोरमच्या बाजूला जातात, तेथील विचित्र जीव पाहतात आणि शास्त्रज्ञाच्या गांभीर्याने त्यांची रोजनिशीत नोंद करतात. नव्या जिवाला शास्त्रीय नाव देण्याची रीत सुकुमारांना विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून चांगली माहीत होती. ग्रीक भाषेतून आलेले 'थेरियम' म्हणजे पशू, 'सॉरस' म्हणजे सरडा किंवा पाल. या भारदस्त प्रत्ययांना त्यांनी रोजच्या बोलण्यातले बंगाली शब्द जोडले. हांगला म्हणजे हावरा, म्हणून मिळेल ते खात सुटणारा 'हांगलाथेरियम'. गोमडा म्हणजे सदा तोंड फुगवून बसणारा, तो 'गोमडाथेरियम'. चिल्लानो म्हणजे ओरडणे, तो 'चिल्लानोसॉरस'. आणि एक 'बेचाराथेरियम' आहे. त्याचा अर्थ मराठी वाचकाला सांगावयास नको. येथे प्राण्याचा देह अवयवांच्या जोडणीतून आलेला नाही. तो स्वभावातून आला आहे. एक स्वभाव घ्यायचा, त्याला पाय, शेपूट, चामडे द्यायचे आणि रानात सोडून द्यायचे. भारतीय भाषांत विज्ञानकथा नुकती कोठे रुजत होती, त्या वेळी तिची अशी थट्टा करण्याइतकी ओळख या लेखकाला होती.

'संदेश'मध्ये विखुरलेल्या कवितांचे पुस्तक करायचे सुकुमारांनी ठरवले. नाव 'आबोल ताबोल', म्हणजे असंबद्ध बडबड. अंथरुणावर पडूनच त्यांनी कवितांवर पुन्हा हात फिरवला, मुखपृष्ठ काढले, कोणत्या पानावर कोणते चित्र कोठे येईल हे ठरवून पुस्तकाचा कच्चा नमुना तयार केला. पुस्तकाच्या शेवटी असलेली कविता अखेरच्या दिवसांतली आहे. आपले गाणे संपत आल्याची जाणीव तिच्यात आहे, पण तक्रार नाही. ऑगस्ट १९२३ च्या अखेरीस रवींद्रनाथ त्यांना भेटावयास आले आणि सुकुमारांच्या इच्छेवरून त्यांनी रुग्णशय्येजवळ बसून गाणी म्हटली. १० सप्टेंबर १९२३ रोजी गडपारच्या घरी सुकुमारांचे निधन झाले. त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. मुलाला अद्याप अडीच वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

'आबोल ताबोल' नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला प्रकाशित झाले. आपले पुस्तक त्यांनी छापील रूपात पाहिले नाही. पुढील काही वर्षांत छापखाना कर्जात बुडून बंद पडला, 'संदेश'ही थांबले आणि सुप्रभा लहानग्या सत्यजितला घेऊन गडपारचे घर सोडून भावाच्या आश्रयाला गेल्या. शिवणकाम शिकवून त्यांनी मुलाचे शिक्षण केले. वडिलांची ओळख सत्यजित यांना मुख्यतः या पुस्तकांतून आणि चित्रांतूनच झाली.

इ.स. १९६१ मध्ये सत्यजित यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह 'संदेश' पुन्हा सुरू केले. त्याच वर्षी त्यात त्यांनी प्रोफेसर शंकू या विक्षिप्त वैज्ञानिकाची पहिली कथा लिहिली. ती रोजनिशीच्या रूपात आहे आणि हेशोराम हुशियारांशी तिचे नाते उघड आहे. इ.स. १९८७ मध्ये सुकुमारांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांनी वडिलांच्या जीवनावर एक माहितीपट तयार केला. 'आबोल ताबोल' त्यानंतरही पुन्हा पुन्हा छापले गेले, आणि इ.स. २०२३ मध्ये त्यास शंभर वर्षे पूर्ण झाली. बंगालमधील मुले अजूनही शाळेत जाण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांकडून हांसजारूचे नाव ऐकतात आणि बऱ्याचदा खरे साळिंदर त्यानंतर पाहतात.